कारागीर, कंत्राट आणि राष्ट्रीय अस्मिता

सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नर्मदाकाठच्या पुतळ्याचे काम चालू असताना, २०१५ साली, एक वाद उद्भवला आणि थोड्याच काळात विरूनही गेला. पुतळ्याच्या अंगावर बसवावयाचे कांस्याचे हजारो पत्रे चीनमधील नानचांग येथील एका ओतशाळेत घडविले जाणार असल्याचे तेव्हा उघड झाले होते. ज्याने साडेपाचशेहून अधिक संस्थाने एका संघराज्यात आणण्याचे काम तडीस नेले, त्या पुरुषाची प्रतिमा परमुलखात ओतली जावी, आणि तीही 'मेक इन इंडिया' ही २०१४ ची घोषणा अजून जुनी झालेली नसताना, या विसंगतीवर विरोधकांनी बोट ठेवले. मुख्य कंत्राटदार असलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने खुलासा केला की, चीनमध्ये होणाऱ्या कामाचे मूल्य एकूण प्रकल्पाच्या ९ टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेले सर्व काम येथेच होत आहे. समर्थकांचे म्हणणे असे की, कल्पना भारतीय, शिल्पकार राम सुतार भारतीय. एवढ्या आकाराचे ओतकाम उरकील अशी ओतशाळा देशात नसेल, तर ते बाहेरून करून घेण्यात कमीपणा कसला? ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. उंची १८२ मीटर, कंत्राट २,९८९ कोटी रुपयांचे. वाद तेथेच संपला.

तो पुन्हा उकरून काढावयाचा तो राजकीय हिशेब चुकता करण्यासाठी नव्हे. त्यात दोन्ही बाजूंनी न बोलता एक गोष्ट गृहीत धरली होती आणि ती गोष्ट वादाच्या विषयापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. कोणत्याही घडविलेल्या वस्तूचे दोन भाग पाडता येतात, एक कल्पनेचा आणि दुसरा अंमलबजावणीचा, असे ते गृहीत आहे. टीकाकारांनी राष्ट्रीयत्व दुसऱ्या भागाला चिकटविले, समर्थकांनी पहिल्याला. वस्तूचे असे दोन भाग मुळात पडतात काय, हा प्रश्न कोणीच केला नाही. साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या मराठी वाचकाला हे विशेष जाणवावे. आशय आणि आकृती वेगळ्या काढता येत नाहीत, हे मर्ढेकरांपासून येथे इतक्या परींनी मांडले गेले आहे की, एखाद्या कवितेत छंदाचा वाटा ९ टक्के आहे असे विधान कोणी केले तर त्याला हसण्यावारी नेले जाईल. पुतळ्याच्या बाबतीत मात्र तेच विधान एक वाजवी खुलासा म्हणून स्वीकारले गेले. ते पत्रे म्हणजे पुतळ्याची त्वचा होती, त्याचा चेहरा होता. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसते ते सारे त्या ९ टक्क्यांत होते.

उलट, जे संपूर्णपणे देशातले होते ते दिसत नाही. पुतळ्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून जुन्या अवजारांचे लोखंड मागण्यात आले होते. नांगराचे फाळ, विळे, कुदळी असे सुमारे १३५ टन भंगार जमले आणि प्रक्रियेनंतर त्यातील सुमारे १०९ टन पायाच्या कामी आले. या लोखंडाचे प्रतीकमूल्य मोठे होते यात शंका नाही. पण ते लोखंड दान होते, काम नव्हे. शेतकऱ्याकडून त्याचा फाळ घेतला गेला. तो फाळ ज्याने शेवटला होता त्या लोहाराला या साऱ्या उपक्रमात कोठेही जागा नव्हती. राष्ट्राने द्रव्य मागितले, कसब मागितले नाही.

कल्पना आणि अंमल यांची फाळणी नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी ती नेमकी उलट दिशेने झाली होती. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि नवे शहर कोणी बांधावे यावर वाद पेटला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य राहिलेले ई. बी. हॅवेल यांनी आग्रह धरला की, हिंदुस्थानात मंदिरे, वाडे, घाट आणि छत्र्या बांधणारे मिस्त्री व स्थपती अजून जिवंत आहेत, नवी राजधानी त्यांच्या हाती सोपवावी. १९१३ सालच्या त्यांच्या 'इंडियन आर्किटेक्चर' या ग्रंथामागे हीच प्रेरणा होती. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याच्या गॉर्डन सँडरसन यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. दिल्ली, आग्रा, लखनौ, अजमेर, बिकानेर, जयपूर, उदयपूर अशा ठिकाणच्या नव्या देशी इमारतींची त्यात पाहणी होती, आणि त्यांची आखणी व बांधणी करणाऱ्या कारागिरांविषयीच्या टिपा देत असल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. म्हणजे स्थपती नाहीत असे सरकारला म्हणता येत नव्हते. ते आहेत, कोठे आहेत आणि काय बांधतात, हे सरकारच्याच एका खात्याने नोंदवून ठेवले होते.

काम अर्थात एडविन लट्येन्स आणि हर्बर्ट बेकर यांना मिळाले. छज्जे, जाळ्या, छत्र्या आणि सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा घुमट त्यांनी आपल्या आराखड्यात घेतला. ज्यांच्या परंपरेतून ही अंगे आली होती त्यांना आराखड्याच्या मेजाजवळ घेतले नाही. तरी १९३१ साली उद्घाटन झालेली ती नवी दिल्ली हजारो देशी हातांनीच घडविली. वालुकाश्म धोलपूर आणि भरतपूरच्या बाजूचा, त्याला छिन्नी लावणारे पाथरवट येथले, कंत्राटदारांतही सोभा सिंग यांच्यासारखे पंजाबातील मातबर. तेथे डोके परके आणि हात देशी होते. नर्मदाकाठी डोके देशी आणि हात परके झाले. एका साम्राज्यसत्तेने आणि एका स्वतंत्र राष्ट्राने काढलेल्या या दोन आकृत्या एकमेकींच्या आरशातील प्रतिमा वाटतात, आणि दोहोंतून एकच माणूस गळालेला आहे. तो म्हणजे ज्याच्या ठायी डोके आणि हात वेगळे झालेले नाहीत असा माणूस: मिस्त्री, स्थपती, ओतारी. दगड कसा फुटेल हे ओळखून जो आकृती बदलतो, साच्यात रस कोठे अडेल हे जाणून जो वळण मऊ करतो, त्याच्या कामाचा किती भाग विचाराचा आणि किती श्रमाचा, हे त्यालाही सांगता येणार नाही.

हॅवेल यांच्या भूमिकेचा गौरव करताना तिच्यातील उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. मिस्त्री त्यांना हवा होता तो परंपरेचा अखंड प्रवाह सिद्ध करणारा साक्षीदार म्हणून. आनंद कुमारस्वामी यांच्या 'द इंडियन क्राफ्ट्समन' (१९०९) या पुस्तकातही कारागीर असाच येतो: आपले नाव न कोरणारा, वंशपरंपरागत धर्म म्हणून काम करणारा, श्रेणी आणि जात यांच्या छायेत सुरक्षित असणारा. यंत्रयुगाला कंटाळलेल्या युरोपीय मनाला, विशेषतः रस्किनच्या विचारांवर पोसलेल्या पिढीला, ही प्रतिमा मोहविणारी होती आणि राष्ट्रवादाला ती सोयीची होती. पण निनावी राहणे ही त्या कारागिराची आध्यात्मिक निवड होती की नाव कोरण्याचा अधिकारच त्याला नव्हता, हे या लेखनातून उमगत नाही. अस्मितेच्या युक्तिवादाचा हा जन्मजात दोष आहे. तो कारागिराला प्रतीक करतो, आणि प्रतीकाला मजुरी विचारावी लागत नाही.

मराठीत या प्रश्नाचा विचार अधिक रोखठोकपणे झालेला आहे, तोही कलेचा विचार करणाऱ्यांकडून नव्हे. जोतीराव फुले स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी बांधकामाचा माल पुरविला होता आणि येरवड्याच्या पुलाचे कंत्राटही घेतले होते. 'गुलामगिरी'ला (१८७३) जोडलेल्या पवाड्यांत इंजिनीअर खात्यातील उच्चवर्णीय कामगार गोरगरीब मजुरांच्या हजेऱ्यांत आणि पैशांत कसे हात मारतात, याचे वर्णन आहे. दहा वर्षांनी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये विलायती मालाच्या आयातीने येथील विणकरापासून लोहारापर्यंतच्या कारागिरांचे कसे हाल झाले, हेही त्यांनी मांडले. या दोन गोष्टी एकाच लेखकाने एकाच रोषाने सांगाव्यात, याला फार मोल आहे. परक्या मालाने कारागीर बुडाला हे खरे. आणि कामावरच्या आपल्याच माणसाने त्याला लुबाडले हेही खरे. फुल्यांनी यातील एकाचा उपयोग दुसरे झाकण्यासाठी केला नाही. पुढच्या काळातील स्वदेशीच्या वक्तृत्वाने बहुतेक वेळा नेमके तेच केले.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) मधील कारूनारूंची चित्रे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. सुतार, लोहार, कुंभार यांचे वर्णन तेथे बारकाईने येते, पण त्यांच्या कसबाविषयी कौतुकाचा सूर क्वचितच लागतो. गावावर आणि कुणब्यावर पडणारा भार म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. आत्रे यांचे आर्थिक निदान चुकीचे होते असे नव्हे. पण हाताने काम करणाऱ्याला धान्याच्या पेंढीत मोजणारी ही नजर आणि त्याला निविदेतील दरपत्रकात मोजणारी नजर यांच्यात नाते आहे. परदेशी कंत्राटदाराचे आगमन हे म्हणूनच केवळ बाहेरून झालेले आक्रमण नव्हे. हाताविषयीची जी घृणा येथे आधीपासून होती, तिने दार उघडे ठेवलेले होते. मराठीला ओतारी हा शब्द आहे, आडनावही आहे, जातही आहे. पुण्यात तांबट आळी आहे. पुतळ्याच्या ओतकामाची चर्चा चालू असताना या शब्दांची आठवण कोणाला झाली नाही. शब्द कोशात होता, विचारात नव्हता. देशीवादाची जी चर्चा भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीनंतर मराठीत झाली, तीही मुख्यतः भाषा, कादंबरी आणि शैली यांच्याभोवती फिरली. हातोडीची देशीयता तिने विचारात घेतल्याचे फारसे दिसत नाही.

एवढ्या मोठ्या कामाची क्षमता देशात नाही, हे जे कारण सांगितले जाते त्याचा विचार येथे करावयास हवा, कारण ते खोटे नाही. १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे पत्रे ठरावीक मुदतीत ओतून देणारी ओतशाळा भारतात नव्हती, हे मान्य करावयास हरकत नाही. प्रश्न वेगळा आहे. क्षमता ही हवामानासारखी आपोआप असणारी वा नसणारी गोष्ट आहे, की मागणीतून घडणारी?

विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडविलेला पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा या प्रश्नाचे एक उत्तर देतो. सासवण्याचा हा मुलगा, घरी गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा. देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्यामुळे तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचला. पुतळ्याची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली होती. अनावरण १९२८ मध्ये झाले. मोठे ब्रॉंझ पुतळे विलायतेहून ओतून आणण्याची चाल तेव्हा रूढ होती. करमरकरांनी घोडा आणि स्वार मुंबईतच, माझगावच्या गोदीत, अखंड ओतून घेतला. गोदी होती जहाजांच्या दुरुस्तीची. पुतळे ओतण्याचा तिचा धंदा नव्हता. एका शिल्पकाराची गरज आणि एका आश्रयदात्याची तयारी यांनी तिला ते काम करावयास लावले, आणि काम होण्याआधी जी क्षमता नव्हती ती काम झाल्यावर होती.

या कथेला स्वदेशीचा साज चढविण्याचा मोह टाळावयास हवा. गोदी इंग्रजी जहाज कंपन्यांच्या मालकीची होती. ती सरकारने ताब्यात घेतली १९६० मध्ये. मुलाला हेरणारा अधिकारी साम्राज्याचा, कोनशिला बसविणारा युवराजही त्याच साम्राज्याचा. शिवछत्रपतींच्या त्या प्रतिमेची वंशावळ राष्ट्रीयत्वाच्या कसोटीला लावली तर ती जागोजागी अडखळेल. तरीही तो पुतळा येथला आहे असे निःशंकपणे म्हणता येते, ते मालकीच्या वा जन्माच्या आधारे नव्हे. तो घडताना येथील माणसे काही शिकली, आणि शिकलेले त्यांच्यापाशी राहिले. नर्मदाकाठच्या पुतळ्याचे पत्रे समुद्रमार्गे आले, बसविले गेले. ते कसे ओतावेत याचे ज्ञान त्या जहाजांतून आले नाही. पुढचा पुतळा उभा करावयाचा झाला तर क्षमता पुन्हा नाहीच असे निघेल, आणि ते पुन्हा खरे असेल.

यामागची यंत्रणा निविदेच्या भाषेत दडलेली आहे. ही भाषा साहित्यसमीक्षकाने वाचावी इतकी अर्थगर्भ असते. मोठ्या सरकारी बांधकामांच्या निविदांत पात्रतेच्या ज्या अटी रूढ आहेत, त्यांत गेल्या सात वर्षांत 'समान स्वरूपाचे काम' पूर्ण केलेले असावे अशी एक अट असते; अंदाजित खर्चाच्या ८० टक्के मूल्याचे एक, किंवा ४० टक्के मूल्याची तीन, असा तिचा सर्वसाधारण साचा. त्याबरोबर वार्षिक उलाढालीची आणि अनामत रकमेची अट. हेतू स्वच्छ आहे. नवशिक्या वा बनावट ठेकेदाराला दूर ठेवण्याचा. पण जगात कोठेही नाही अशा अद्वितीय वस्तूच्या निर्मितीला ही अट लावली की एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. राष्ट्राला वस्तू हवी अपूर्व. निविदेला हवे तिचे पूर्वोदाहरण. मग तेच काम इतर राष्ट्रांसाठी करून चुकलेल्याखेरीज कोणी पात्रच ठरत नाही. ओतारी, पाथरवट किंवा स्थपती यांना या अटींत कोणी वगळलेले नसते. त्यांचे नावच येत नाही, एवढेच. ते पोटकंत्राटाच्या पोटात जातात आणि तेथे त्यांचे रूपांतर मजुरात होते.

भारताबाहेरही हे घडले आहे. सेनेगलची राजधानी डाकार येथे २०१० साली आफ्रिकेच्या पुनरुत्थानाचे ४९ मीटर उंच स्मारक उभे राहिले. ते बांधले उत्तर कोरियाच्या मान्सुदे या सरकारी कंपनीने, आणि मोबदला म्हणून सरकारी जमीन देण्यात आली. अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी कल्पना आपली आहे या आधारावर स्मारकाच्या उत्पन्नातील ३५ टक्के वाटा मागितला, तेव्हा देशात संताप उसळला. त्या मागणीत लोभ असेल, पण तर्कसंगती नव्हती असे म्हणता येणार नाही. कल्पना हीच निर्मिती आणि बाकी सारा अंमल, हे एकदा मान्य केले की कल्पनेचा मालक भाडे मागणारच.

वॉशिंग्टनचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे २०११ साली खुले झालेले स्मारक एका खासगी प्रतिष्ठानाने सार्वजनिक जागेवर उभारले. मूर्ती घडविली लेई यीशिन या चिनी शिल्पकाराने, चीनमधील ग्रॅनिटमध्ये. कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांपैकी काहींनी निषेध केला, ग्रॅनिटच्या धंद्यातील लोकांनीही केला. प्रतिष्ठानाचे उत्तर असे होते की, माणसाला रंगावरून जोखू नये हे सांगणाऱ्या किंगच्या स्मारकासाठी शिल्पकाराचा वंश पाहणे हा किंगचाच अवमान ठरेल. हे उत्तर सहजासहजी बाजूस सारता येत नाही. नानचांगचा ओतारी हाही ओतारीच आहे. भट्टीपुढे त्याचे हात तसेच भाजतात, आणि त्याच्या कसबाचा द्वेष करणारी अस्मिता ही कारागिराच्या बाजूची अस्मिता असू शकत नाही. 'परके हात' हा शब्दप्रयोग वर सोयीसाठी केला आहे. तो नैतिकदृष्ट्या निर्दोष नाही. मात्र प्रतिष्ठानाच्या उत्तरात एक सरमिसळ होती. निषेध करणाऱ्यांची अर्धी तक्रार वंशाची होती, अर्धी कामाची. प्रतिष्ठानाने पहिल्या अर्ध्याला इतके उदात्त उत्तर दिले की दुसरा अर्धा ऐकूच आला नाही. आपल्या पूर्वजांच्या यातनांचे स्मारक घडविण्याची संधी ज्याला एरवी कधी मिळणार नाही, त्याने ती मागावी यात वंशद्वेष नसतो.

मग परका आणि आपला हा भेद कोणत्या आधारावर करावयाचा? इतिहास जन्माची कसोटी टिकू देत नाही. बिदरी कलेचा उगम परंपरा बहमनी काळात आलेल्या इराणी कारागिरांशी जोडते. ते आले, राहिले, शिष्य केले, आणि तांबे-जस्ताच्या त्या काळ्या भांड्यांना आज कोणी इराणी म्हणत नाही. खुद्द लार्सन अँड टुब्रो या नावात दोन डॅनिश अभियंते आहेत, ज्यांनी १९३८ मध्ये मुंबईत व्यवसाय थाटला आणि येथेच मुळे धरली. गोव्यात उलटे घडले. तेथील १५६७ च्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेण्यास मनाई केली. तरीही असे निर्बंध पुढे पुन्हा घालावे लागले, यावरून ते किती पाळले जात होते याची कल्पना येते. परक्या राज्यकर्त्याला आपल्या देवाची मूर्तीसुद्धा स्थानिक हातांवाचून घडविता येत नव्हती. या तीनही उदाहरणांत कसब आणि जागा यांची गाठ पडली, कोणी कोणाकडून काही घेतले. परदेशी कंत्राटाविषयी खरा आक्षेप घ्यावयाचा तो येथे. माणूस परका आहे म्हणून नव्हे, तर तो येतच नाही म्हणून. खोक्यात बांधलेली वस्तू येते, देयक येते. ज्याच्यापाशी बसून कोणी शिकेल असा माणूस येत नाही.

आणि स्थानिकत्व ही गुणवत्तेची हमी नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तो परदेशात घडलेला नव्हता. नौदल दिनाच्या समारंभाची तारीख होती, आणि धातूला, सांध्यांना आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला समारंभाची तारीख कळत नाही. राम सुतार यांनी नव्याने घडविलेला पुतळा २०२५ च्या मे महिन्यात तेथे उभा राहिला. हे सुतार धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. आडनावातच बलुत्याची खूण. पन्नासच्या दशकात त्यांनी अजिंठा आणि वेरूळ येथे पुरातत्त्व खात्यात शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले होते. प्राचीन पाथरवटाची छिन्नी कोठे वळली आणि कोठे थबकली हे बोटांनी वाचण्याची ती शाळा होती, आणि ती सरकारी नोकरीत मिळाली. म्हणजे राज्यसंस्था कारागीर घडवू शकत नाही असे नाही. ज्या पुतळ्याची त्वचा नानचांगला ओतली गेली, त्याचा कर्ता अंशतः तिनेच घडविला होता.

निविदेची भाषा बदलता येते याचाही पुरावा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीत जी-२० परिषद भरली तेव्हा भारत मंडपमपुढे २७ फूट उंचीची, सुमारे १८ टन वजनाची अष्टधातूची नटराजमूर्ती बसविण्यात आली. ती तमिळनाडूतील स्वामिमलै येथे राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणाच्या साच्याने ओतली होती; बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मधूच्छिष्टविधान म्हणून जिचे वर्णन येते तीच ही पद्धत. पारंपरिक स्थपतींना भरता येईल अशा बेताने त्या कामाची निविदा तयार केल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. २७ फूट आणि १८२ मीटर यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण उंची ही निसर्गाने घालून दिलेली अट नव्हती. ती सरकारने निवडली होती, आणि ती निवडताना कोणते हात बाद होतील हेही त्याच वेळी ठरून गेले होते. मुंबईजवळच्या अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन २०१६ च्या डिसेंबरात झाले आणि काम पुढे अडले. त्या स्मारकाविषयीचा सार्वजनिक वाद मुख्यतः पर्यावरणाचा, खर्चाचा, आणि पुतळा नर्मदेच्या पुतळ्याहून किती मीटर उंच असावा याचा होता. त्याचे कांस्य ओतावयाचे कोठे, आणि त्या भट्टीपाशी कोण उभे राहणार, ही बाब कंत्राटदाराने पाहावयाची असेच सर्वांनी धरून ठेवले होते.